भाड्याने द्यायचा जुना फ्लॅट: तोडफोडीपासून चावी देईपर्यंत कामांचा क्रम

वीस-पंचवीस वर्षं जुना टू बीएचके घ्यायचा, रंग मारायचा, चकचकीत किचन ट्रॉल्या बसवायच्या आणि भाडेकरू ठेवायचा. तीन महिन्यांत खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, सोसायटीचं पत्र येतं आणि नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात. पुणे, ठाणे, नाशिक, मुंबईची उपनगरं, सगळीकडे हे सर्रास घडतं. पैसे कमी पडतात म्हणून नाही, कामांचा क्रम चुकतो म्हणून. टाइलमागे किंवा प्लास्टरखाली जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी तपासायलाच हवं. खाली दिलेला क्रम याच एका नियमावर बेतलेला आहे.

## टप्पा १: हातोडा लावण्याआधी

आधी फ्लॅट रिकामा असताना नीट पाहा. टॉर्च, मेजरिंग टेप, ओळंबा आणि लाकडी दांडा एवढं पुरेसं आहे.

बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू पाहा, म्हणजे बेडरूम किंवा पॅसेजकडची. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत रंगाला पोपडे आले असतील, तर पाणी भिंतीतून किंवा भरावातून झिरपतंय. छताच्या कोपऱ्यात ओल असेल, तर ती वरच्या फ्लॅटची किंवा गच्चीची. फ्लॅटमधल्या नळ, संडास, सिंकची गळती त्या फ्लॅटच्या मालकाने दुरुस्त करायची असते. गच्चीची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने. वरून गळत असेल तर तुमचं काम सुरू होण्याआधी सेक्रेटरींना लेखी कळवा आणि पोच घ्या. वरची गळती थांबलेली नसताना छताला पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

सगळ्या टाइल्स दांड्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज येणाऱ्या जागी खडूने खूण करा. छताचं प्लास्टर फुगून आतली सळई दिसत असेल, तर तिथे गवंड्याला न लावता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सोसायटीला कामाचं पत्र द्या. त्यात काय तोडणार, काय बांधणार, किती दिवस लागतील आणि राडारोडा कुठून उतरवणार, हे लिहा. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि अनामत रक्कम हे आधीच ठरवून घेतलं, तर मध्येच काम बंद पडत नाही.

खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताचे फोटो त्या शेजाऱ्यांच्या संमतीने, तारखेसह काढून ठेवा आणि त्यांनाही पाठवा. पुढे वाद झालाच तर जुनी ओल कुठली आणि नवी कुठली, हे या फोटोंवरून ठरतं.

सावधान: कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत नऊ इंची भिंत ही वजन पेलणारीच आहे असं धरून चाला. इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हॉल मोठा करण्यासाठी ती पाडू नका.

## टप्पा २: कामाचा कागद आणि हप्ते

"सगळं मिळून इतके" असा तोंडी ठोक भाव घेऊ नका. कोटेशनमध्ये प्रत्येक काम मापासकट हवं: किती चौरस फूट टाइल, किती पॉइंट वायरिंग, कुठल्या जाडीचा पाइप, वॉटरप्रूफिंगचे किती कोट. मजुरी आणि माल यांचे आकडे वेगळे मागा. टाइल्स, नळ, संडासाचं भांडं, वायर आणि पाइप स्वतः खरेदी केलेले बरे. त्यांची बिलं आणि वॉरंटी तुमच्या नावावर राहतात.

पैसे दिवसांवर नाही, टप्प्यांवर द्या. सुरुवातीला १० ते १५ टक्के, तोडफोड आणि पाइपची दाबचाचणी झाल्यावर पुढचा हप्ता, पाणी भरून घेतलेली चाचणी पास झाल्यावर त्यापुढचा. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभर हाताशी ठेवा. जुन्या फ्लॅटमध्ये तोडल्यावरच खरी परिस्थिती कळते, म्हणून एकूण खर्चाच्या १५ टक्के रक्कम बाजूला असू द्या.

## टप्पा ३: तोडफोड

मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मेन स्विच पाडा. मजुरांच्या ड्रिलसाठी मीटरजवळून वेगळी तात्पुरती लाइन घ्या.

तोडफोडीतली सर्वांत महागडी चूक अगदी साधी असते: नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं, पाणी वाहून नेणारं भांडं) आणि संडासाच्या पाइपची तोंडं उघडी ठेवणं. सिमेंटचे खडे आत पडतात, खालच्या वळणावर अडकतात आणि दोन महिन्यांनी पूर्ण मजल्याचं पाणी तुंबतं. पहिला घाव घालण्याआधी प्रत्येक तोंडाला एंड कॅप लावा. कॅप बसत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं गोणपाट घट्ट बसवा. त्याला दोरी बांधून ठेवा, म्हणजे ते आत गेलं तरी ओढून काढता येईल.

बाथरूमची लादी काढल्यावर तिथे थांबू नका. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब साधारण फूटभर खाली असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. गळती असेल तर हा भराव पूर्ण काढून मूळ स्लॅब उघडा करावा लागतो. वरचेवर केमिकल मारून काम भागेल असं सांगणारे बरेच भेटतील. भरावात साठलेलं पाणी मात्र तसंच राहतं आणि आपली वाट शोधून खाली उतरतं.

राडारोडा गोण्यांत भरून रोजच्या रोज उतरवा. बाल्कनीत ढीग करून ठेवला तर स्लॅबवर नको तेवढं वजन येतं.

## टप्पा ४: पाइप आणि वायर

प्लंबिंग. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप अर्धे ठेवून अर्धे बदलू नका. आतून गंजलेल्या पाइपला नव्या जोडणीचे धक्के सोसत नाहीत. गरम आणि गार, दोन्ही लाइन सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) घ्या. मुख्य लाइन पाऊण इंची, नळापर्यंतचा फाटा अर्धा इंची. नळ जिथे घट्ट पिळला जाणार तिथे पितळी आट्याचा एल्बो वापरा, कारण प्लास्टिकचा आटा दोन-तीन वेळा नळ बदलला की जातो. प्रत्येक बाथरूमला आणि किचनला वेगळा बंद व्हॉल्व्ह द्या. भाडेकरू रात्री अकरा वाजता "नळ तुटलाय" म्हणून फोन करतो, तेव्हा याचं मोल कळतं.

सांडपाण्यासाठी संडासाला ११० मिमी आणि नहाणीला ७५ मिमी पाइप लागतो. भारतीय संडास काढून कमोड बसवणार असाल, तर भांडं घेण्याआधी भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एस-ट्रॅपची, म्हणजे खाली जमिनीतल्या पाइपला जोडायची भांडी ठरावीक अंतरांचीच मिळतात, साधारण ९ किंवा १२ इंच. हे माप उघड्या विटेपासून धरलं की फसगत होते. प्लास्टर आणि टाइल मिळून एक-दीड इंच पुढे येतात, तेवढं धरूनच मोजा.

कन्सील्ड डायव्हर्टर (शॉवर आणि नळ यांच्यात पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) किती खोल बसवायचा हेसुद्धा टाइलच्या पृष्ठभागावरून ठरवा. फार आत गेला तर दांडी पुरत नाही, बाहेर राहिला तर झाकण बसत नाही.

तपासा: सोल्युशन लावलेले सांधे २४ तास सुकू द्या. मग सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने साधारण ७ किलोचा दाब भरा आणि काट्याचा फोटो काढा. किमान चार तास, जमलं तर रात्रभर तसंच ठेवा. काटा उतरला तर गळणारा सांधा शोधा. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याला झिरी (पाइप-वायरसाठी भिंतीत पाडलेली खाच) बुजवू देऊ नका.

वायरिंग. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिमी, साध्या प्लगना २.५ आणि गिझर, एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर. गिझर आणि एसी यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. जुन्या घरांत बऱ्याचदा अर्थिंगची वायर प्लगपर्यंत पोचलेलीच नसते. ती आहे का हे प्लग उघडून पाहा. संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावा. दुसऱ्याच्या जिवाशी संबंध असलेली ही एकच वस्तू अशी आहे जिथे काटकसर करायची नाही. वायरमनने दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केले तर आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग "खराब आहे" म्हणून तो काढून टाकला जातो. दोष जोडणीत असतो, यंत्रात नाही.

चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी पाडू नका, उभी पाडा. झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मेजरिंग टेप लावून. पुढे भाडेकरूला टीव्ही अडकवायचा असेल तेव्हा ड्रिल कुठे मारू नये, हे या फोटोंवरूनच सांगता येतं.

## टप्पा ५: बाथरूमचं वॉटरप्रूफिंग

या टप्प्यावर घाई केली तर बाकी सगळं वाया जातं. दोन बाथरूमना मिळून दहा-बारा दिवस लागतात. त्यापेक्षा कमी दिवसांत करून देतो म्हणणारा माणूस चाचणी वगळतोय, हे समजून घ्या.

१. मूळ स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. सुटं सिमेंट, जुन्या डांबराचे थर, माती काहीही राहता कामा नये.

२. स्लॅबमधून पाइप जिथे बाहेर जातात तिथल्या सांध्याभोवती खाच करून न आकसणारा ग्राउट भरा. बहुतेक गळती स्लॅबच्या मधोमध होत नाही, या सांध्यांतून होते. भरावातलं पाणी बाहेर काढणारा छोटा पाइप बाहेरच्या भिंतीत असेल, तर तो मोकळा आहे का पाहा. बरेच गवंडी तो बुजवून टाकतात.

३. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यांत सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा काढा. काटकोनात कोट नीट बसत नाही आणि तिथेच फाटतो.

४. पॉलिमर-सिमेंटचा दोन घटकांचा कोट डब्यावरच्या प्रमाणात कालवा. अंदाजे पाणी घालून पातळ करू नका. पहिला कोट एका दिशेने, तो सुकल्यावर दुसरा आडव्या दिशेने. कोपऱ्यांत आणि पाइपभोवती पहिल्या कोटात फायबरची जाळी दाबून बसवा. भिंतींवर तयार फरशीच्या पातळीच्या फूटभर वरपर्यंत आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत कोट न्या.

५. दोन-तीन दिवस सुकू द्या. मग पाइपची तोंडं बंद करून स्लॅबवर दोन-तीन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पातळीची खूण करा. ४८ तास ठेवा.

तपासा: दोन दिवसांत दोन-तीन मिलिमीटर पाणी बाष्पीभवनाने कमी होणारच. त्याहून जास्त उतरलं, किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला डाग दिसला, तर सांधे पुन्हा पाहा. कोट पुन्हा मारा आणि चाचणीही पुन्हा घ्या.

६. आता सांडपाण्याचे पाइप टाका आणि भराव करा. तोडलेल्या टाइल्सचा राडारोडा भरावात घालू नका. एएसी ब्लॉकचे (सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचे) तुकडे हलके असतात, स्लॅबवर भार कमी पडतो. वर सिमेंटचा कोबा करून नहाणीकडे उतार द्या, दर मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर. उतार कोब्यातच यायला हवा. टाइलखालच्या मसाल्यात उतार काढला तर आत मुरलेलं पाणी ट्रॅपपर्यंत पोचत नाही.

७. कोब्यावर पुन्हा दोन कोट, पुन्हा पाणी भरून २४ तास. या वेळी पाणी सोडताना ते आपोआप जाळीकडे जातंय का, की कोपऱ्यात थारोळं राहतंय, हेही बघून घ्या.

सावधान: दुसऱ्या चाचणीनंतर प्लंबरने पाइप हलवण्यासाठी छिन्नी लावली, तर ती चाचणी रद्द समजा.

## टप्पा ६: टाइल्स

माल मागवण्याआधी हिशेब स्वतः करा. ४ बाय ७ फुटांचं बाथरूम धरू. फरशी २८ चौरस फूट. भिंतींचा घेर २२ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत, म्हणजे १५४. त्यातून अडीच बाय सात फुटांच्या दाराचे १७.५ वजा केले की १३६.५ उरतात. कापाकापीसाठी १० टक्के वाढवले की भिंतीला १५० आणि फरशीला ३१ चौरस फूट. १२ बाय १८ इंचांची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणून भिंतीला १०० टाइल्स. वर एक पेटी जास्त घ्या आणि लॉफ्टवर ठेवा. वर्षभराने त्याच छटेची टाइल मिळत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही आणि काही महिन्यांनी पोकळ वाजू लागते. तिला टाइल अॅडहेसिव्ह, तेही दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरून. गवंडी घाईत चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवतात. तसं करू देऊ नका. बाथरूममधल्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरा.

हॉलमध्ये जुनी लादी घट्ट असेल तर तिच्यावर नवी बसवता येते, पण फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. दारं खालून कापावी लागतात. बाथरूमची फरशी मात्र बाहेरच्यापेक्षा खालीच राहायला हवी, आणि मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा हवा.

तपासा: तीन दिवसांनी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहा. पोकळ निघाली तर हप्ता देण्याआधी बदलून घ्या.

## टप्पा ७: ओटा, सुतारकाम, रंग

भाड्याच्या घरात सिंकखाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ लावू नका. एका पावसाळ्यात फुगतं. कडाप्प्याचे उभे-आडवे खण, वर ग्रॅनाइट आणि पुढे अॅल्युमिनियम किंवा पीव्हीसीची दारं, एवढं साधं काम सगळ्यात टिकतं. प्लाय वापरायचाच तर आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असलेला. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच ठेवा.

ओल्या प्लास्टरवर पुट्टी चढवू नका, पोपडे येतात. क्रम असा: पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात, मग स्विचच्या पट्ट्या, पंखे आणि नळ, आणि सगळे कारागीर बाहेर पडल्यावर शेवटचा हात. धुता येणारा रंग घ्या. त्याचा शेड नंबर किचनच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

## टप्पा ८: करार

"अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं", हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान वेगळंच: नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायला कलम २४ चा सोपा मार्ग खुला राहतो.

मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. समजा २४ महिने, दरमहा २०,००० रुपये, परत करायचं डिपॉझिट १ लाख. भाडं ४,८०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, दोन वर्षांचे २०,०००. एकूण ५,००,०००, त्यावर शुल्क १,२५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणी आधारच्या बोटांच्या ठशांनी घरबसल्या होते.

करारात हे स्पष्ट हवं: किती दिवसांची नोटीस, दरवर्षी किती वाढ, वीज-गॅस-मेंटेनन्स कोण भरणार, कुठल्या रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या आणि कराराची प्रत सोसायटीला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या फ्लॅटला लागू राहत नाही. भाडं ठरवताना हा फरक धरा.

प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मिळकतकर वजा केल्यावर, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. तरीही ती जपून ठेवा. फ्लॅट विकताना कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च धरता येतो.

मालक परदेशात असेल तर दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. कुलमुखत्यारपत्र तिथे करून भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. आणि अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, हे भाडेकरूला कराराआधीच सांगायचं.

## टप्पा ९: चावी देताना

करार नोंदला गेला आणि डिपॉझिट खात्यात आलं, मगच चावी द्यायची. सामान आधी आणून टाकू देणं आणि कागद नंतर करणं, ही नेहमीची चूक.

भाडेकरूसोबत घरभर फिरा. वीज मीटरचं रीडिंग, प्रत्येक पंखा, गिझर, नळ, काच, कुलपाच्या चाव्यांची संख्या यांची यादी करा आणि दोघांनी सही करा. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण कसं दाबायचं, हे प्रत्यक्ष दाखवा. ते बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगा.

## टप्पा १०: वर्षाचा फेरा आणि फ्लॅट परत घेताना

मे महिन्यात, आधी वेळ ठरवून, एक फेरी मारा. खिडक्यांच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन, खिडकीच्या कट्ट्याचा बाहेरचा उतार, छज्ज्यावर साठलेली माती, ड्राय बाल्कनीची जाळी आणि सिंकखालचे सांधे पाहा. गळकी खिडकी पावसाळ्यात दुरुस्त होत नाही, ओल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कोणी बंद करून ठेवला नाही ना, हेही बघा.

फ्लॅट परत घेताना तीच सहीची यादी हातात घेऊन फिरा. रंग मळणं, नळाची चमक जाणं ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नका. फुटलेली टाइल, जळालेला ओटा, हरवलेल्या चाव्या यांचे पैसे बिलासह कापा. वीज बिल शून्यावर आणून घ्या, गॅसची थकबाकी पाहा आणि उरलेलं डिपॉझिट करारातल्या मुदतीत बँकेतूनच परत करा. नवा भाडेकरू येण्याआधी दोन्ही बाथरूममध्ये जाळी बंद करून इंचभर पाणी रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी खालच्या शेजाऱ्यांकडे छत पाहून या.